मुलांच्या छोट्या मराठी साइटवर जाहिराती: कुठे लावाव्यात, कुठे लावू नयेत आणि हाती किती येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधलं एक जोडपं चार ते दहा वयाच्या मुलांसाठी मराठी साइट चालवतं. गोष्टी, कोडी, रंगवायची चित्रं आणि दोन-तीन साधे खेळ. महिन्याला सुमारे ४०,००० पेजव्ह्यू, म्हणजे साइटवरची पानं तितक्या वेळा उघडली जातात. ॲडसेन्स, म्हणजे साइटवर आपोआप जाहिराती दाखवून साइटवाल्याला वाटा देणारी गूगलची सेवा, लावावं का? त्यातून होस्टिंग (साइट इंटरनेटवर ठेवण्याचं भाडं) आणि चित्रकाराचं मानधन निघेल का?

होस्टिंग निघेल. चित्रकाराचं मानधन ॲडसेन्समधून निघणार नाही. ते काढायचं तर पुण्यातल्याच दुकानदारांना आणि शिबिरवाल्यांना जागा थेट विकावी लागेल, आणि तीसुद्धा मुलांच्या नव्हे, पालकांच्या पानांवर.

आधी हिशेब. हजार पेजव्ह्यूमागे जे मिळतं त्याला आरपीएम म्हणतात. समजा तुमचा आरपीएम ३० सेंट पडला. ४०,००० पेजव्ह्यूचे झाले १२ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर महिन्याला १,०८० रुपये. ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही, म्हणजे पहिली रक्कम नवव्या महिन्यानंतर. आरपीएम दुप्पट झाला तरी चित्र फारसं बदलत नाही. गूगल बराचसा वाटा ठेवून घेतं म्हणून असं होतं, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. जाहिरातदाराच्या पैशांतला साधारण ६८ टक्के भाग साइटवाल्याला मिळतो. खरी अडचण जाहिरातदार जागेसाठी जी किंमत बोलतात त्या बोलीतच आहे. मराठी पानांसाठी बोली लावणारे जाहिरातदार इंग्रजीच्या तुलनेत थोडे. त्यात साइट मुलांची, म्हणून वाचकाच्या आवडीनिवडी बघून दाखवल्या जाणाऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या जाहिराती बंद. उरतात त्या पानावरच्या मजकुराशी जुळणाऱ्या. आणि सात वर्षांचं मूल काही विकत घेत नाही, हे जाहिरातदारालाही कळतं.

आवडीनुसार जाहिराती बंद ठेवणं ऐच्छिक नाही. अमेरिकेत कोप्पा हा कायदा १९९८ साली झाला आणि २००० पासून लागू आहे. १३ वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय गोळा करायला त्यात मनाई आहे, आणि कुकीतून, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीतून, मिळणारी ओळखही माहितीतच मोडते. याच कायद्याखाली २०१९ मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. ‘आपण पुण्यात, अमेरिकेच्या कायद्याशी आपला काय संबंध’ असं वाटेल. पण मराठी बालसाइटवर न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातून येणारी कुटुंबं हमखास असतात. तिथल्या मराठी शाळांना वाचनसाहित्य हवंच असतं. शिवाय तो नियम तुम्ही पाळावा, ही अट गूगलही तुमच्यावर घालतं. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणखी कडक आहे. त्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती. मुलांचा माग काढणं, त्यांच्या वागण्यावर नजर ठेवणं आणि त्यांना हेरून जाहिरात दाखवणं याला मनाई आहे. दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. या कायद्यापुरती घाई नाही, पण साइटची घडी आत्ताच नीट बसवली तर नंतर मोडतोड करावी लागत नाही.

ती घडी अशी. साइटचे सरळ दोन भाग करा आणि पत्त्यातही ते वेगळे ठेवा: एक ‘मुलांसाठी’, दुसरा ‘आईबाबांसाठी’. गोष्टी, खेळ, कोडी पहिल्या भागात. तिथे जाहिरात नको, किंवा फार तर पानाच्या अगदी तळाशी एक. दुसऱ्या भागात पालक आणि शिक्षक जे शोधत येतात ते: सहा वर्षांच्या मुलाला जोडाक्षरं कशी शिकवावीत, रंगवायची चित्रं ए-फोरवर छापताना कडा का कापल्या जातात, पावसाळ्यात घरात खेळायचे खेळ, पुण्यातली मुलांची वाचनालयं. जाहिराती इथे. प्रत्येक गोष्टीच्या पानावरून पालकांच्या पानाला दुवा द्यायचा, पण तो मुलाच्या बोटाखाली येणार नाही असा, लहान अक्षरांत आणि तळाशी. ‘आई, हे बघ’ असं मोठं रंगीत बटण ठेवलंत तर पालकांच्या पानावर मुलंच जाऊन पोचतील आणि सगळा खटाटोप फुकट जाईल.

गूगलला हे कळवावं लागतं. मुलांच्या पानांवर ॲडसेन्सचा कोड असेल तर त्यात ‘डेटा-टॅग-फॉर-चाइल्ड-डायरेक्टेड-ट्रीटमेंट’ हा गुणधर्म घालून किंमत १ द्यायची. कोडात तो इंग्रजी लहान लिपीत, शब्दांमध्ये जोडरेघा देऊन लिहायचा असतो. तो घातला की त्या पानावरच्या आवडीनुसारच्या जाहिराती बंद होतात आणि मुलांना न शोभणारे काही विषयही गाळले जातात. पानावर तीन जाहिराती असतील तर तिन्ही कोडांत घाला. एकात विसरणं ही अगदी नेहमीची चूक. पालकांच्या पानांना हा टॅग लागत नाही, पण तिथली चित्रं, भाषा आणि रंग खरोखर मोठ्यांसाठीचे असले पाहिजेत. वर कार्टून आणि खाली ‘हे पान पालकांसाठी आहे’ असं लिहिलं म्हणून ते पालकांचं होत नाही. शंका असेल तर टॅग लावा. चार रुपये कमी मिळतील, इतकंच. पाहणीसाठी लावलेल्या ॲनालिटिक्समध्ये ‘गूगल सिग्नल्स’ आणि जाहिरातींसाठीचं वैयक्तिकीकरण बंद करा. यूट्यूबचे व्हिडिओ पानात बसवताना ‘नो-कुकी’ असलेला पत्ता वापरा.

जाहिरातींच्या जागा गूगललाच ठरवू देणारी ‘ऑटो ॲड्स’ ही सोय सुरू ठेवून मोकळं व्हायचा मोह होतो. मुलांच्या साइटवर तो महागात पडतो. पडद्याच्या तळाला चिकटून राहणारी जाहिरात आणि पान बदलताना संपूर्ण पडदा व्यापणारी जाहिरात हे दोन्ही प्रकार आधी बंद करा. मग ‘पान वगळा’ या सोयीत मुलांचा सबंध विभाग टाका. पत्त्यात विभाग वेगळे ठेवले असतील तर एका नोंदीत काम होतं. नसतील तर दोनशे पानं एकेक करून घालत बसावं लागतं.

जाहिरात कुठे लावायची यावरून सर्वांत जास्त खाती बिघडतात. पाच वर्षांचं मूल टॅबवर बोट कुठेही ठेवतं. चुकून झालेले क्लिक गूगलला ओळखू येतात. ते पैसे कापून घेतं, आणि प्रमाण वाढलं तर जाहिरातीवर टिचकी मारल्यानंतर ‘भेट द्या’ असं दुसरं बटण दाखवू लागतं. म्हणजे दोनदा दाबल्याशिवाय क्लिक मोजलाच जात नाही आणि उत्पन्न धाडकन खाली येतं. खेळाच्या पानावर खेळाची चौकट आणि जाहिरात यांत किमान १५० पिक्सेल अंतर ठेवावं, ही गूगलचीच शिफारस आहे. ‘पुढचं पान’, ‘पुन्हा खेळा’, ‘चित्र उतरवा’ या बटणांच्या वर, खाली, शेजारी जाहिरात नको. रंगवायच्या चित्रांच्या पानावर तर जास्तच जपा. जाहिरातीतच मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण असतं आणि आजोबासुद्धा तेच दाबतात. अशा जाहिराती ॲडसेन्सच्या पुनरावलोकन केंद्रात जाऊन एकेक करून बंद करता येतात. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पंधरा मिनिटं त्यासाठी काढा.

पालकांच्या लेखात जाहिरातीच्या दोन जागा पुरतात. एक दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर ३०० बाय २५० ची, दुसरी लेख संपल्यावर. पहिलीसाठी २८० पिक्सेल उंचीची रिकामी चौकट आधीच राखून ठेवा. नाहीतर जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली सरकतो आणि वाचणाऱ्याचं बोट नको तिथे पडतं. जाहिरातीवर ‘जाहिरात’ असंच लिहा. ‘उपयुक्त दुवे’ वगैरे मथळे चालत नाहीत.

संवेदनशील विषयांच्या यादीतून डेटिंग, झटपट पैसा, वजन घटवणं, सौंदर्य शस्त्रक्रिया, कॅसिनोसारखे खेळ, राजकारण आणि धर्म हे सगळं पहिल्याच दिवशी बंद करा. उत्पन्नात फारसा फरक पडत नाही, आणि एका पालकाने पडदाचित्र (स्क्रीनशॉट) काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की जी अब्रू जाते ती परत येत नाही. ग्रुपवरून आठवलं: नातेवाइकांना किंवा शाळेच्या ग्रुपवर ‘साइटवर जाऊन जाहिरातींवर क्लिक करा, तेवढीच मदत’ असा निरोप चुकूनही पाठवू नका. प्रेमापोटी केलेल्या त्या क्लिकांमुळे खातं बंद होतं, साठलेली रक्कम जाते, आणि त्याच नावाने दुसरं खातं मिळत नाही.

मंजुरीबद्दल. मराठी ही ॲडसेन्सच्या मान्य भाषांपैकी आहे, त्यामुळे भाषेमुळे अर्ज अडत नाही. अडतो तो ‘कमी मूल्याचा मजकूर’ या शेऱ्यावर. बालसाइटींना तो शेरा मिळण्याची कारणं ठरलेली आहेत. पानावर फक्त चित्र आणि ‘उतरवा’ हे बटण, खाली एक ओळही नाही. गोष्टच चित्र म्हणून चढवलेली, म्हणजे यंत्राला तिथे अक्षर दिसतच नाही. किंवा मजकूर जुन्या श्रीलिपी-कृतिदेव छापाच्या फाँटमध्ये. आपल्या संगणकावर तो मराठी दिसतो, बाहेर नुसती खिचडी. असा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणा, आणि आणल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण परिवर्तकं नेमकी तिथेच घसरतात. प्रत्येक चित्राच्या पानावर दीडशे-दोनशे शब्द तरी लिहा: कोणत्या वयाला, कोणते रंग, चित्रातल्या पक्ष्याची माहिती. अर्ज करण्यापूर्वी पालकांच्या भागात पंचवीस-तीस भरीव लेख असावेत, असं आमचं मत. गूगलने आकडा दिलेला नाही. स्वतःचं डोमेन, ‘आमच्याविषयी’, संपर्क आणि गोपनीयता धोरण ही पानं हवीतच. धोरणात कुकी आणि गूगलच्या जाहिराती यांचा स्पष्ट उल्लेख मराठीतून करा.

मजकूर कुणाचा, हा प्रश्न इथेच निकालात काढा. ‘अडगुलं मडगुलं’सारखी परंपरेतली गाणी सर्वांची. कवीचं नाव असलेली कविता मात्र कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्काखाली असते. बालभारतीची पुस्तकं साइटवर चढवून त्याभोवती जाहिराती लावणं हा सरळ भंग आहे. ती सरकारी म्हणून फुकट वापरता येतात, हा गैरसमज आहे. पाठावर आधारित स्वतः रचलेले सरावप्रश्न चालतात. इंटरनेटवरून उचललेली कार्टून पात्रं चालत नाहीत, रंगवायला काळ्या रेघांत काढली तरी.

१० डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी गूगल टपालाने पिन पाठवतं. पत्र यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पत्ता लिहिताना सोसायटी, विंग, फ्लॅट पहिल्या ओळीत घ्या, ‘अमुक दुकानासमोर’ नको. टपालपेटीत पिझ्झाच्या पत्रकांसोबत हा लहानसा लिफाफा टाकून दिला जातो, तेव्हा वॉचमनला सांगून ठेवा. खात्याचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः एकच हवं. पैसे महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान परदेशी हस्तांतरणाने निघतात. बँकेचा स्विफ्ट कोड द्यावा लागतो आणि बँकेने कारण विचारलं तर जाहिरात सेवेचा पी १००७ हा कोड सांगायचा. दर वेळी बँक काही शुल्क कापते, म्हणून रक्कम छोटी असेल तर ॲडसेन्समध्ये मर्यादा १०० ऐवजी २०० डॉलर करून ठेवा. एकदाच कापलं जाईल. अमेरिकेचा डब्ल्यू-८ बेन हा करफॉर्मही भरायचा असतो, तो टाळला तर नाहक कर कापला जाऊ शकतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांखाली असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. प्राप्तिकरात हे धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवायचं.

आता चित्रकाराच्या मानधनाचं बघू.

पालकांच्या विभागात चार जागा आखा आणि प्रत्येक जागा महिन्याला २,००० रुपये अशा ठरावीक दराने विका. चारही गेल्या तर ८,०००. ॲडसेन्सच्या १,०८० शेजारी हा आकडा ठेवून बघा. दर क्लिकवर ठेवू नका, कारण मग प्रत्येक महिन्याला आकड्यांवरून घासाघीस होते. ग्राहक शोधायला लांब जायला नको. अप्पा बळवंत चौकातले मुलांची पुस्तकं ठेवणारे दुकानदार, लाकडी खेळणी बनवणारे, बालनाट्य शिबिरं, बुद्धिबळाचे आणि हस्ताक्षराचे वर्ग, सहली काढणारे. त्यांना ‘४०,००० पेजव्ह्यू’ सांगून काही कळत नाही. ‘महिन्याला पुण्यातली इतकी कुटुंबं येतात’ हे सांगा, आणि खरं सांगा. शहराचा आकडा मात्र जपून वापरा. मोबाइल नेटवर्कवरचा पुण्यातला वाचक पाहणीत बऱ्याचदा मुंबईत दिसतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर तुमचं नुकसान होतं. त्यावर जुना उपाय चांगला: जाहिरातीत एक परवलीचा शब्द द्या, ‘दुकानात हा शब्द सांगा, १० टक्के सूट’. महिनाअखेरीस दुकानदार स्वतःच मोजतो किती जण तो शब्द सांगून गेले. पुढच्या महिन्याचे पैसे त्या मोजणीवर येतात.

वेळ चुकली तर हेच गिऱ्हाईक हात जोडतं. उन्हाळी शिबिराची जाहिरात एप्रिलमध्ये मागायला गेलात तर जागा भरलेल्या असतात. जानेवारीच्या शेवटी भेटा. शाळेच्या सामानाची मे महिन्यात ठरते, कारण जूनच्या मध्याला शाळा उघडतात. दिवाळीचा किल्ला हा पुण्यातला खास हंगाम. ‘मातीचा किल्ला कसा करावा’ हे पान सप्टेंबरच्या सुरुवातीला चढवा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत शोधात वर येतं. माती किती, विटा कशा रचाव्यात, हिरवळीसाठी अळीव किती दिवस आधी पेरावेत हे नेमकं लिहा, आणि बाजूची जागा मावळ्यांची चित्रं विकणाऱ्याला द्या. ॲडसेन्सचे दरही साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात चढे असतात आणि जानेवारीत उतरतात. जानेवारीत उत्पन्न घटलं म्हणून साइटची मांडणी उलटीपालटी करू नका.

थेट घेतलेल्या जाहिरातीत तपासणी तुम्हालाच करावी लागते, इथे गूगलची गाळणी नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचं डबाबंद अन्न, बाळदूध पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पालकांच्या साइटला नेमक्या याच चौकशा येतात, पैसेही बरे असतात; तरी नाही म्हणा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. चिप्स आणि शीतपेयं यांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत दाखवू नयेत, असं २०२२ ची ग्राहक संरक्षण मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मुलांच्या साइटवर तोच न्याय लावावा हे बरं. क्लासवाल्यांची ‘शंभर टक्के यशाची हमी’ काढून टाकायला लावा. डॉक्टरांवर त्यांच्या व्यवसायाच्या आचारसंहितेनेच जाहिरातीची बंधनं आहेत, तिकडे जाऊच नका. खरेदीच्या दुव्यांवरचं कमिशन हा मार्गही अरुंद आहे: ॲमेझॉनच्या असोसिएट्स योजनेत १३ वर्षांखालच्या मुलांसाठीच्या साइटी बसत नाहीत.

पैसे घेऊन दिलेल्या प्रत्येक दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ हा गुणधर्म लावा, नाहीतर शोधातलं स्थान घसरू शकतं. चित्र १०० केबीच्या आत ठेवा. करार एका पानाचा पुरतो: जागा, आकार, सुरू आणि बंद होण्याची तारीख, रक्कम आगाऊ, मजकूर महिन्यात एकदाच बदलून मिळेल, आणि साइटवाल्याला न पटलेली जाहिरात कारण देऊन काढण्याचा अधिकार. हे शेवटचं कलम विसरू नका. एखाद्या शिबिराबद्दल पालकांच्या तक्रारी येऊ लागल्या तर जाहिरात त्याच दिवशी उतरवता आली पाहिजे, उरलेल्या दिवसांचे पैसे परत करून.

एक मागणी हमखास येईल: ‘चित्रकला स्पर्धा घेऊ, मुलांची नावं आणि फोन नंबर आम्हाला द्या.’ शिबिरं आणि क्लास यांना जाहिरातीपेक्षा ही यादीच हवी असते. ती देऊ नका. स्पर्धा घ्यायचीच तर चित्रं पालकांच्या ईमेलवरून मागवा, साइटवर पहिलं नाव आणि वय एवढंच छापा, शाळेचं नाव आणि फोटो नको, आणि निकाल लागल्यावर महिन्याभरात ईमेल पुसून टाका. प्रायोजकाने बक्षिसाची पुस्तकं द्यावीत. पालकांशी पत्रव्यवहार तुम्हीच ठेवावा. गोष्टींखालच्या प्रतिक्रियांच्या चौकटीही याच कारणाने बंद करा. तिथे मुलं स्वतःचं पूर्ण नाव, इयत्ता आणि शाळा बिनदिक्कत लिहून जातात.